जिलेबीच्या कढईशेजारी

"साखर नोका देऊ! बापूले साखर नोका देऊ कोणी! जहर हाये त्याईले ते, जहर!"

हा आवाज डोमाजीचा. डोमाजी म्हणजे आमच्या शुगरच्या वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी. आणि बापू म्हणजे मी, त्याच वर्गाचा मास्तर. डोमाजीच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरलेली, भरदुपार, आणि मी जिलेबीच्या दुकानापुढं मातीत बसलेलो. अंगातून घाम असा वाहत होता की अजून थोडा वेळ बसलो असतो तर वैनगंगेला हिवाळ्यात पूर आला असता आणि पवनीवाल्यांनी माझ्यावर दावा लावला असता. जिलेबीवाल्यानं दयेनं एक गरम जिलेबी माझ्या तोंडापर्यंत आणली. डोमाजीनं तिला असा हात मारला की ती उडून दंडारीच्या नाचातल्या ढोलकीवर पडली. ती ढोलकी पुढं वर्षभर गोड वाजत होती, असं म्हणतात. कोण म्हणतं विचाराल, तर मीच म्हणतो.

पण घाम खरा होता. हात थरथरत होते तेही खरं. रक्तात साखर वाढते म्हणून ज्यानं तालुक्याला साखर सोडायला लावली, तो माणूस साखर उतरल्यामुळं मरायला टेकला होता. शेजारी कढईभर पाक उकळत होता. आणि माझा सगळ्यात गुणी चेला मला त्या पाकापासून वाचवत होता.

यंदा बांध्या, म्हणजे धानाची शेतं, पुन्हा पिवळ्या झाल्या तसं हे गेल्या सालचं सगळं वर आलं. दिवाळी सरली की आमच्याकडं हवेला एक वास सुटतो. कापलेल्या धानाचा, ओल्या तणसाचा, आणि सकाळच्या धुक्यात कुठं तरी नवा तांदूळ शिजत असल्याचा. नव्या तांदळाचा भात जुन्यासारखा मोकळा होत नाही, गोळा होतो, पण त्याच्या वाफेनं शेजारच्या गावचा पाहुणा वाट चुकून आपल्या दारात येतो. याच दिवसांत मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, जावई सासऱ्याच्या खर्चानं पान खातात, गुरं राखणारे गोवारी नाचतात, दंडार उभी राहते, आणि ज्या घरात शिराल तिथं तुमच्या हातात गोड ठेवलं जातं. नको म्हणालात तर घरधनी असं बघतो की जणू तुम्ही त्याची मुलगी नाकारली.

अशा दिवसांत मला शुगरचा वर्ग घ्यायला लावला होता. ज्यानं हा मुहूर्त काढला त्याला मी अजून शोधतोय.

खरं तर तो काढला आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी. मॅडम घाटाकडच्या, वयानं लहान, बोलणं हळू. मी मोहाडीतला लुगडीवाला. आमच्या घरात पूर्वी माग होते, माझ्या हाती फक्त विक्री आली. आठवडी बाजारात उभा राहून मी अशी हाक देतो की तहसील कचेरीतल्या कारकुनाच्या हातचा शिक्का वाकडा पडतो. मॅडम म्हणाल्या, "बापू, मी सांगते तेव्हा ही माणसं दाराकडं बघतात. तुमचा आवाज मला बाजाराच्या दिवशी इथं बसून ऐकू येतो. तुम्हाला स्वतःला शुगर आहे, गोळ्या नीट घेता, चालता. तुम्हीच शिकवा." मला आधी लाज वाटली, मग लगेच वाटेनाशी झाली. घरी येऊन कुसुमला, म्हणजे बायकोला, सांगितलं की सरकारनं मला बोलावणं धाडलंय. ती वांगी चिरत होती. म्हणाली, चांगलं झालं, ऐकून घ्यायला तुम्हाला नवीन माणसं पाहिजेच होती.

केंद्राच्या मागच्या पडवीत आमची शाळा भरायची. सतरंजीवर म्हातारे, सुना घेऊन आलेल्या सासवा, एखादा तरणाही. पुढं डोमाजी, पाठ ताठ, डोळे माझ्यावर रोखलेले, कान तर असे की मी श्वास घेतला तरी तो पाठ करेल. आणि अगदी दाराशी भागरथाबाई. बाई विधवा, दोन बांध्यांची मालकीण, गोष्टीवर हसायची नाही, प्रश्न विचारायची नाही, पदर सारखा करून बसायची आणि वर्ग संपला की उठून जायची. माझ्या गोष्टींवर न हसणारं माणूस मला सहन होत नाही. मी तिच्यासाठी गोष्टी मोठ्या करत गेलो.

पहिला धडा भाताचा. भात कमी करा, म्हटलं. पुढच्या वेळी सगळे छाती काढून आले, भात सोडला म्हणाले. मग काय खाता? तर सकाळी पोहे, दुपारी तांदळाची भाकर, मध्ये भूक लागली तर मुरमुरे, आणि संध्याकाळी पाहुणे आले म्हणून तांदळाचे आयते, म्हणजे धिरडी. मी कपाळाला हात लावला. डोमाजी समजूत काढत म्हणाला, "पण बापू, भाताले तं हात नाही लावला ना जी." खोटं नव्हतं. जिथं घरातल्या कणगीत धान, अंगणात धान, उशीला धानाचा वास, तिथं धान सोडा म्हणजे श्वास सोडा. मी स्वतः त्या संध्याकाळी घरी जाऊन कुसुमला विचारलं की आपण धानाशिवाय काय खातो. तिनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, मीठ.

मग पायांचा धडा. शुगरमध्ये पाय बधिर होतात, काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते, म्हणून रोज पाय बघायचे, अनवाणी चालायचं नाही. एवढंच सांगायचं होतं. पण एवढंच सांगितलं तर तो बापू कसला? मी त्यांना बपेऱ्याकडच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याच्या चपलेत एक विंचू राहत होता. माणूस रोज चप्पल घालायचा, विंचू रोज डसायचा, माणसाला पत्ताच नाही. शेवटी डसून डसून विंचू मेला. पडवी हसली, पण एका हसण्यात सगळ्यांनी आपापले पाय जवळ ओढून घेतले, ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून गावोगाव लोक चपला उलट्या करून आपटू लागले. पायाकडं कोणी बघेना, सगळे मेलेला विंचू शोधत होते.

डोमाजीनं मात्र पायाचंही मनावर घेतलं. आणि तिथं त्याच्यापुढं धर्मसंकट उभं राहिलं. खळ्यावर चप्पल घालून कोणी जात नाही. रास पडलेली असते, लक्ष्मी असते ती, तिच्यावर चामडं न्यायचं नाही. बापानं नेलं नाही, आज्यानं नेलं नाही. आणि बापूनं सांगितलेलं, अनवाणी जायचं नाही. डोमाजी त्या रात्री जेवला नाही म्हणे. सकाळी तो खळ्यावर उतरला तो नातीचे शाळेचे पांढरे मोजे घालून. टाच बाहेर, बोटं आत, आणि तणसाची कुसळं मोज्यात अशी भरलेली की संध्याकाळी त्याचे पाय दोन साळिंदरांसारखे दिसत होते. पण मोजे काढून त्यानं दोन्ही पाय दिव्याजवळ धरून बघितले, बायकोलाही दाखवले. असा विद्यार्थी. मी मॅडमना सांगितलं, बाकीचे राहू द्या, डोमाजी पास.

आता तो धडा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सरळ वाक्य मी त्या दिवशी बोललो असेन. मॅडमना एका बाळंतिणीसाठी आत बोलावणं आलं होतं, मी एकटाच होतो. मी म्हणालो, गोळी घेतली आणि जेवण चुकलं तर साखर फार खाली उतरू शकते. घाम सुटतो, हात कापतात, माणूस दारू न पिता झिंगतो, काहीबाही बोलतो. तो शुद्धीत असेल, गिळत असेल तर लगेच साखर द्या, गूळ द्या, गोड पाणी द्या. दिलं की उठून बसतो. नाही दिलं तर जाऊही शकतो.

आणि असा हशा उसळला की आतली बाळंतीण त्या धक्क्यानंच मोकळी झाली. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. शुगरवाल्याला साखर द्या! डोमाजी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसत म्हणाला, "बापू, विंचवापर्यंत ठीक होतं जी. हे लई झालं."

मी काय केलं? मीही हसलो. टाळी मिळाली की ती परत करायची सवय मला बाजारानं लावली नाही. आणि दाराशी भागरथाबाई, नेहमीसारखीच, हसली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डोमाजीच्या गावची मंडई आली आणि त्यानं मला जेवायला बोलावलं. मास्तर येणार म्हणून घर सारवलेलं. आत पाटोडीचा रस्सा उकळत होता, त्या वासावर मी गोळी घेऊन टाकली. ताट येतच होतं. पण ताट आलं नाही. डोमाजीचे जावई मंडईत कुठं तरी आकाशपाळण्यात बसले होते, आणि जावई पाटावर बसल्याशिवाय पंगत बसत नाही. तोवर डोमाजीच्या सुनेनं माझ्यासाठी मुद्दाम कोरा, बिनसाखरेचा चहा केला, सगळ्यांना दाखवून दिला, आणि मी तो सगळ्यांना दाखवून प्यायलो. चिवडा पुढं आला, मी हात जोडले. करंजी आली, मी तोंड फिरवलं. मास्तर ना! मग जावयाला शोधायला म्हणून आम्ही मंडईत गेलो आणि जिलेबीचं दुकान दिसताच मला राहवलं नाही. तिथंच उभं राहून मी साखरेविरुद्ध भाषण सुरू केलं. गर्दी जमली. जिलेबीवाल्याला वाटलं असेल, आज कुणाचं तोंड बघून उठलो.

पुढचं मला धड आठवत नाही, आणि इथूनच माझी पंचाईत सुरू होते. मला आठवतं की कढईतली जिलेबी गोल फिरायची थांबेना. ती वाढत वाढत आकाशपाळण्याएवढी झाली आणि तिच्यात सगळे जावई बसले होते. ऊन पिवळं होतं, मग पांढरं झालं, मग ओलं झालं. ढोलकी माझ्या पोटातून वाजत होती. दंडारीतला शेला बांधलेला नाच्या मला माझा बाप वाटला आणि मी त्याच्यावर ओरडलो की मागावर अर्धं लुगडं टाकून इथं काय नाचतोस. एवढी दया, एवढा राग आणि एवढी भूक मला आयुष्यात एकदम कधी आली नव्हती. मग मी खाली होतो. माणसांचे पाय दिसत होते. त्यात डोमाजीचे मोजे दिसले, आणि मला वाटलं, हा माणूस इथं आहे म्हणजे आता काळजी नाही.

कोणी म्हणालं, बापू पिऊन आला. एकानं माझं तोंड हुंगलं. कोणी म्हणालं, अंगात आलंय, लिंबू आणा. जिलेबीवाल्यानं जिलेबी आणली, तिचं काय झालं ते सांगितलंच आहे. डोमाजी हात पसरून माझ्याभोवती उभा होता, रास राखायला बसलेल्या माणसासारखा.

मग डोमाजीच्या पसरलेल्या हाताखालून कुणाचा तरी हात आला आणि तोंडात काही तरी कोमट आलं. गोड. एवढं गोड की मला वाटलं, मेलो आणि वर पोचलो. आल्याचा चहा, दुधाची साय, आणि त्यात साखर अशी की चमचा उभा राहावा. सगळं जग त्या चवीच्या मागून एकेक करून परत आलं: आधी जीभ, मग घसा, मग ढोलकीचा आवाज जिथल्या तिथं, मग नाच्याचा चेहरा, जो माझ्या बापासारखा मुळीच नव्हता. डोळे उघडले तर समोर भागरथाबाई. हातात रिकामा पेला. मी पडलो तेव्हा ती पदराआडून साखरेचा चहा पीत होती, दुकानामागं, मला दिसू नये म्हणून.

म्हणजे बघा. ज्यानं माझा शब्दन्‌शब्द पाळला त्यानं मला जवळपास पोचवलं होतं. जिनं एकही पाळला नाही तिच्या पेल्यानं मी परत आलो. तिनं माझं ऐकलं असतं तर तो चहा बिनसाखरेचा असता, आणि बिनसाखरेच्या चहानं मी फक्त ओला झालो असतो. आता मास्तरानं यातून काय शिकावं आणि काय शिकवावं? मॅडमना विचारलं तर त्या आधी माझ्यावरच चिडल्या. गोळी घेऊन उपाशी फिरलात कसे? आणि पूर्ण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं, श्वासनळीत जातं. तुम्ही बडबडत होता, गिळत होता, म्हणून निभावलं. म्हणजे बडबडीनंच माझं वाक्य कोणाला खरं वाटू दिलं नाही, आणि बडबडीनंच मला वाचवलं. मी मॅडमना म्हटलं, एक काही तरी ठरवा. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

गावात तर त्या दुपारच्या इतक्या गोष्टी झाल्या की मी पहिल्यांदाच माझ्याच धंद्यात मागं पडलो. कोणी सांगतं मी जिलेबीवाल्याला चावलो. कोणी सांगतं मी नाच्याला लुगडं विकलं आणि पैसे बाकी आहेत. मला स्वतःला आठवतं ते किती, ऐकलेलं किती आणि मी नंतर लावलेली जरीची किनार किती, हे आता उकलत नाही. कुसुम म्हणाली, आजवर गावानं तुमच्या ऐकल्या, आता तुम्ही गावाच्या ऐका.

पण एक गोष्ट मला हसू देत नव्हती. यंदा धानकापणीच्या तोंडावर मॅडमनी डोमाजीलाही तीच गोळी सुरू केली, माझीच. आणि डोमाजी दिवसभर खळ्यावर. सकाळी गोळी घेणार, आणि भाकर येईल तेव्हा येईल. तो पडला तर त्याच्याभोवती कोण असणार? सगळे माझेच विद्यार्थी, आणि त्यांना एकच गोष्ट पक्की पाठ. मी अख्ख्या गावाला डोमाजीच्या तोंडावर पहारा द्यायला शिकवलं होतं.

मी त्याला गाठलं. त्याचं मत ठाम होतं: "तुमची शुगर वाढली होती बापू, म्हणून तं भोवळ आली. चहा गरम होता, घाम निघाला, घामातून शुगर वाहून गेली." मी म्हटलं, अरे, खिशात खडीसाखर ठेव. तो असा मागं सरकला की जणू मी त्याला चोराला घरात झोपवायला सांगतोय. मी शपथ घेतली. पण शपथ मी प्रत्येक लुगड्यावर घेत आलोय, रंग गेला तर गाव सोडीन म्हणून, आणि रंग जातात आणि मी इथंच आहे. वर्गात तेच न हसता, न वाढवता, साध्या आवाजात सांगितलं. तर मागून कुणी तरी काळजीनं विचारलं, बापूची तब्येत बरी नाही का. मॅडमना आणून उभं केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्या वळल्यावर डोमाजी शेजाऱ्याला हळूच म्हणाला, मॅडमलेही बापूनंच पढवलं.

आज डोमाजीच्या दुपट्ट्याच्या टोकाला खडीसाखरेची गाठ असते. खळ्यावर तो ती सूनबाईला दाखवून ठेवतो, शेजारच्या बांधीवाल्यालाही दाखवतो, मी पडलो तर ही तोंडात टाका म्हणतो. मोजे अजून तेच आहेत. हे कसं झालं, ते मी तिथं उभा राहून पाहिलंय, तरी मला कळलेलं नाही.

ती गाठ पडली त्याच्या आदल्या दिवशी वर्गात झालं ते एवढंच. माझ्याकडं एकच साक्षीदार उरला होता, ज्याला गावात कोणी खोटं म्हणत नाही. मी भागरथाबाईला वर्गात उभं केलं. मनात सगळं रचून ठेवलं होतं: ती सांगेल, बापूचा धडा मला आठवला, साखर उतरली हे ओळखलं, म्हणून पाजला. डोमाजी पुढं झुकला. दारातून नव्या तांदळाच्या वाफेचा वास येत होता आणि कोणाचंही तिकडं लक्ष नव्हतं.

मी विचारलं, "बाई, त्या दिवशी मंडईत मले चहा पाजला. माहा धडा आठवला होता ना तुमाले?"

"नाही जी."

"मग पाजला काहून?"

बाईनं पदर सारखा केला. माझ्याकडं बघितलं, जरा डोमाजीकडं बघितलं.

"तुमचं तोंड उघडं होतं," ती म्हणाली. "आन् चहा थंडा होऊन राहिला होता."